सहाव्या कोटाची डावी बाही

१

ट्रायल रूमची कडी आतून लावलेली होती. शनिवारी दुपारी पाऊणच्या सुमारास काज-बटणवाल्या मावशींनी दोनदा दार वाजवलं. तिसऱ्या वेळी टेलर मास्तरांनी खांदा लावला, कडी निखळली आणि दार उघडलं. त्यांची लेक चिमणी स्टुलावर बसलेली होती. डोकं आरशाला टेकलेलं, अंगावर बटणं न लावलेला नवा कोट, आणि तो भर उन्हाळ्यात दोन्ही हातांनी घट्ट ओढून घेतलेला. तेहतीस वर्षांची, तापातसुद्धा दुकान न चुकवणारी बाई. मास्तरांनी लेकीला हाक मारली, हलवलं, आणि मग ते असे ओरडले की समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकं रस्त्यावर आली.

महिना उलटल्यावर मास्तर हे सगळं तपासनिसांच्या ओसरीवर बसून सांगत होते. तपासनीस पोलिसातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण गल्लीच्या लेखी ते अजून तपासनीसच होते. कुणाची सायकल हरवली तरी लोक आधी त्यांच्याकडे यायचे आणि मग चौकीवर जायचे. मास्तरांच्या हाताचे कोट त्यांनी आयुष्यभर घातले होते.

"साहेब, माझ्या मुलीला मारलंय," मास्तर म्हणाले. "कुणी मारलंय तेही मला ठाऊक आहे. कसं मारलंय, तेवढं तुम्ही शोधा."

"कुणी?"

"तिच्या नवऱ्यानं. औषधांचं दुकान आहे त्याचं. चार दिवस तिला गोळ्या चारत होता. ती गेली त्याच संध्याकाळी त्यानं एक बाटली गटारात फेकली, लोकांनी पाहिलंय. आणि मंगळवारी त्याची बहीण येऊन टपकली होती, तिचं आणि चिमणीचं कधी जमलं नाही."

"विष सापडलं?"

"नाही. रिपोर्टात म्हणे काहीच नाही. हृदयाच्या नळ्यासुद्धा धुतल्यासारख्या स्वच्छ. अहो, मागं खूण न ठेवणारं विष औषधवाल्याला ठाऊक नसणार तर कुणाला?"

तपासनिसांनी कागद हातात घेतला. मृत्यूचं कारण या रकान्यात 'अनिश्चित' असं लिहिलं होतं. खाली अंगावरच्या वस्तूंची यादी होती. कानातली दोन, गळ्यात मोजपट्टी, उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून शिंपी घालतात ती टोपी.

"तुमचं आणि तिचं कसं होतं?" त्यांनी सवयीनं विचारलं.

"आमचं? शब्दाला शब्द लागला नाही कधी," मास्तर म्हणाले, आणि चष्मा काढून पुसू लागले.

तपासनीस नाही म्हणणार होते. पण मास्तर उठता उठता म्हणाले, "तुम्हाला मी काय वेगळं सांगू, साहेब. तुमच्या लेकीचंही असंच झालं ना."

झालं होतं खरं. सतरा वर्षांपूर्वी तपासनिसांची एकुलती एक मुलगी बाळंतपणानंतर एकोणिसाव्या दिवशी स्वयंपाकघरात कोसळली होती. तिच्याही कागदावर हेच होतं. विष नाही, नळ्या स्वच्छ, कारण अनिश्चित. तपासनिसांनी जावयाला चाळीस दिवस कोठडीत बसवलं. पुरावा मिळाला नाही, तो सुटला, पण शाळेतली चित्रकलेच्या मास्तराची नोकरी गेली ती गेलीच. तेव्हापासून तपासनिसांनी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि नातीचंही नाही. ती आता सतरा वर्षांची असेल. तो कागद चार घड्या घालून ते अजून पाकिटात बाळगत. मुलीच्या शेवटच्या फोनबद्दल मात्र ते कधी कुणाशी बोलले नव्हते.

"उद्या येतो दुकानात," तपासनीस म्हणाले. हा जावई त्यांच्या हातून सुटणार नव्हता.

२

औषधांच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. त्यावर कुणीतरी डांबरानं 'खुनी' असं लिहिलं होतं. खाली वाकून आत जावं लागलं.

औषधवाला काउंटरमागे रिकाम्या खुर्चीसारखा बसला होता. तपासनिसांना तो पाहताक्षणी आवडला नाही. खरं सांगायचं तर सतरा वर्षांत त्यांना कुणाचाच जावई आवडला नव्हता.

"काय काय दिलंत तिला?"

"ॲसिडिटीच्या गोळ्या. मग ते गुलाबी पातळ औषध. हाताला चोळायला मलम."

"कधीपासून?"

"मंगळवारी रात्री जेवायला बसलो तेव्हा पहिल्यांदा बोलली. छातीत भरल्यासारखं वाटतंय, हात ओढतोय. बुधवारी क्लिनिकमध्ये नेलं. ईसीजीची पट्टी काढली हृदयाची, चांगली आली. डॉक्टर म्हणाले, या वयात हृदय कसलं काढताय, दगदग कमी करा. आम्ही हसत घरी आलो. मग दुखायचं, थांबायचं, परत दुखायचं."

"बाटली गटारात का फेकलीत?"

तो तपासनिसांकडे न बघता फळीवरच्या बाटल्यांकडे बघून बोलला. "गल्लीतली निम्मी माणसं डॉक्टरच्या आधी माझ्याकडे येतात. म्हाताऱ्या माणसानं छातीला हात लावला तर मी त्याला इथं उभंसुद्धा राहू देत नाही, रिक्षात घालून दवाखान्यात पाठवतो. आणि बायकोला मी म्हणालो, गॅस आहे गं, जाईल. ती बाटली दिसली की माझाच आवाज ऐकू यायचा. म्हणून फेकली."

कबुलीजबाब ऐकण्यात तपासनिसांचा जन्म गेला होता. खरं बोलणारा माणूस असाच बोलतो, हे त्यांना कळत होतं. पण ते कळून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी वही मिटली.

"तुम्ही मास्तरांकडे जाणार ना?" औषधवाल्यानं मागून विचारलं. "माझी मुलगी त्यांच्याकडे आहे. महिना झाला, दारातूनही बघू देत नाहीत. तिचा पुढचा दात हलत होता. पडला का, तेवढं बघून सांगाल?"

तपासनीस शटरखालून बाहेर पडले. बाहेर एक बाई कमरेवर हात ठेवून त्यांची वाटच बघत होती.

३

ती औषधवाल्याची बहीण होती. आवाज असा, की लाउडस्पीकरची गरज नाही.

"मलाच विचारा ना! चहा मीच करत होते घरात. मंगळवारी संध्याकाळच्या बसनं आले, आणि बुधवारपासून दोन्ही वेळचा चहा माझ्या हातचा. विष घालायचं असतं तर आधी या भावाला घातलं असतं, चाळीस वर्षं छळतोय मला!"

"चिमणीशी तुमचं पटत नव्हतं म्हणे."

"नव्हतंच पटत. नणंद-भावजय आम्ही, पटेल कसं? ती माझ्या ब्लाउजला नावं ठेवायची, मी तिच्या स्वयंपाकाला." एवढं बोलून ती एकदम थांबली. पदरानं नाक पुसलं. "शुक्रवारी माझा ब्लाउज तिनं न सांगता उसवून नीट करून दिला. बरं वाटत नसताना. तेव्हाच मला कळायला हवं होतं. सुई उजव्या हातात धरली होती तिनं. मी म्हटलं, डावखुरी ना गं तू? तर म्हणाली, वन्सं, त्या हाताला सुट्टी दिलीय."

तपासनीस चालायला लागले होते, ते जागीच थांबले. उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान. अंगुस्तान घालतात सुईच्या हातात. आणि बाई तर डावखुरी होती.

"हाताला सुट्टी कधी दिली होती?"

"मी आले त्या संध्याकाळी कपसुद्धा उजव्या हातानंच धरत होती," नणंद म्हणाली.

म्हणजे गोळ्या सुरू होण्याआधीच काहीतरी झालं होतं. पण नक्की कधी? ते सांगणारं माणूस तर उरलं नव्हतं.

४

मास्तरांचं दुकान लांबट होतं. एका भिंतीला छतापर्यंत कापडाचे तागे, मधे कापायचं टेबल, कोपऱ्यात ट्रायल रूम. तिच्या चौकटीवर निखळलेल्या कडीची चार भोकं तशीच होती. टेबलाखाली सहा वर्षांची एक मुलगी रिकाम्या रिळांची रांग लावत बसली होती. तिनं वर बघितलं. पुढचा दात पडलेला होता.

मास्तर गिऱ्हाइकाचं माप घेत होते. तपासनीस मावशींशेजारी जाऊन बसले. मावशी तीस वर्षं या दुकानात काजं करत होत्या आणि त्यांच्या तोंडाला कुलूप आहे अशी त्यांची ख्याती होती.

"चिमणी शेवटी काय शिवत होती?"

"हॉटेलच्या दरवानांचे आठ कोट. अस्तराचं हातकाम सगळं तिचं. आठवा अंगावर होता, तो पोलिसांकडे. बाकीचे सात हे टांगलेत. मास्तर कुणाला हात लावू देत नाहीत."

"मला लावू देतील."

बाहीच्या तोंडाशी अस्तर टाचलेलं होतं, टाके बारीक, एकासारखे एक. पहिल्या कोटाचे टाके सगळे एका बाजूला झुकलेले होते. सातव्याचे नेमके उलट्या बाजूला, आणि मधेमधे सैल.

"टाके का फिरले, मावशी?"

"डावा हात एकीकडे झुकवतो, उजवा दुसरीकडे. डावखुऱ्याचा टाका मी डोळे मिटून ओळखीन, बोट फिरवलं की कळतं."

"कुठल्या कोटापासून फिरले?"

मावशींनी एकेक कोट खाली काढला. पाचव्यापर्यंत टाके डाव्या हाताचे होते. सहाव्याची उजवी बाही डाव्या हाताची. आणि सहाव्याची डावी बाही उजव्या हाताची.

तपासनिसांनी तो सहावा कोट अंगात घातला. उजवा हात सरळ आत गेला. डावा मात्र कोपरापर्यंत गेला आणि अडकला. बोटं पुढे जाईनात, मागे येईनात. खांद्याशी अस्तराचे सैल टाके सुटले होते आणि हात अस्तर आणि कापड यांच्या मधल्या जागेत शिरला होता. बाहीची खरी वाट अस्तराखाली दबून बंद झाली होती. वरून बघणाऱ्याला मात्र बाही ठीकठाक दिसत होती.

"असं काम तिच्या हातून बारा वर्षांत गेलं नाही," मावशी हळूच म्हणाल्या.

"ही बाही शिवली कधी, ते कळेल?"

कळणार होतं. या दुकानाची एक रीत होती, मास्तरांच्या वडिलांपासूनची. बाहीचं अस्तर मिटवण्याआधी हातकाम करणाऱ्यानं आतल्या बाजूला खडूच्या पेन्सिलीनं आपली खूण करायची आणि वार लिहायचा. कोट दहा वर्षांनी उसवून आला तरी हात कुणाचा ते कळावं. आणि उजवी बाही आधी, डावी मागून, हाही नियमच. मावशींनी दोन्ही बाह्या उसवल्या. उजवीच्या आत छोटी चोच काढलेली होती आणि लिहिलं होतं, मंगळवार. डावीच्या आतही चोच होती, जरा वाकडी. तिथंही मंगळवार.

"एक बाही व्हायला किती वेळ?"

"दोन तास. दुकान दहाला उघडतं, उजवी बाराच्या आत झाली असणार. डावी जेवणाच्या सुट्टीनंतर."

तपासनिसांनी मनात हिशेब मांडला. नणंदेची बस संध्याकाळी आली. नवऱ्याची पहिली गोळी त्याहूनही नंतरची. आणि डावा हात कामातून गेला तो मंगळवारी दुपारी, याच दुकानात. नवऱ्यानं तिला काही केलं नव्हतं. हे लक्षात येऊनही तपासनिसांना आनंद झाला नाही.

"मावशी, मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत इथं काय झालं?"

मावशींनी तोंड उघडलं आणि मिटलं. माप घेणाऱ्या मास्तरांची पट्टी गिऱ्हाइकाच्या खांद्यावर तशीच थांबली होती आणि ते इकडेच बघत होते.

५

दुसऱ्या दिवशी मावशी आपण होऊन आल्या. ओसरीच्या पायरीवरच बसल्या, आत आल्या नाहीत.

"तीस वर्षं त्यांचं मीठ खाल्लंय," त्या म्हणाल्या. "पण त्या पोराच्या शटरवर डांबर बघितलं आणि मला जेवण जाईना."

मंगळवारी दुपारी चिमणीनं डबा उघडता उघडता वडिलांना सांगितलं होतं, की ती स्वतःचं दुकान काढणार. नवऱ्याच्या दुकानाशेजारी गाळा रिकामा झाला होता. मास्तर आधी हसले, मग चिडले, मग दोघांचेही आवाज चढले. बापलेक एकाच मुशीतले, माघार कोण घेणार? शेवटी मास्तर म्हणाले, इथून गेलीस तर मला मेलीस.

"ती शिडीवर चढली आणि वरच्या फळीवरचे गरम, लोकरी कापडाचे जड तागे एकेक करून खाली आणले. एरवी एक तागा दोघं मिळून उतरवतात. तिनं एकटीनं पाच उतरवले, रागाच्या भरात. मग छातीवर हात ठेवून टेबलापाशी बसली. मी पाणी दिलं. म्हणाली, मावशी, लचक भरलीय वाटतं, बाबांना सांगू नका."

"आणि नंतर?"

"चार दिवस दोघं एका छताखाली, पण बोलणं बंद. शनिवारी तिला घाम फुटला होता. मास्तर समोर होते ना. त्यांच्यासमोर बसायचं नव्हतं तिला, म्हणून ट्रायल रूममध्ये गेली. कडी लावली. मला वाटलं, रडायला गेली असेल. रडू दे म्हटलं थोडा वेळ." मावशींनी पदर तोंडाला लावला. "वीस मिनिटं मी दार वाजवलं नाही, साहेब."

कडीचं कोडं सुटलं. घाम फुटून गारठलेल्या बाईनं कोट का ओढून घेतला, तेही सुटलं. पण तेहतीस वर्षांची धडधाकट बाई लचक भरून मरत नाही, आणि हृदयाच्या नळ्या तर स्वच्छ होत्या. तपासनिसांनी चपला घातल्या आणि ते सरकारी दवाखान्याच्या मागच्या इमारतीकडे निघाले.

६

शवचिकित्सेच्या मोठ्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. तपासनिसांनी सगळं क्रमानं सांगितलं. बाई मधेच फक्त एकदा बोलल्या. "दुखणं यायचं आणि जायचं? चार दिवस?"

"हो."

"शवचिकित्सा आमच्या नव्या डॉक्टरनं केली होती. त्यानं नळ्या उभ्या चिरल्या, चरबीचा थर शोधला, तो नव्हता. स्वच्छ असं लिहून मोकळा झाला. चूक माझी, मी परत बघायला हवं होतं." त्या उठल्या. "हृदय बरणीत जपून ठेवलंय. आठ दिवसांनी या."

आठ दिवसांनी तपासनीस गेले, तेव्हा बाईंनी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. त्यांना गुलाबी-जांभळ्या रंगांपलीकडे काही कळेना.

"ही हृदयाला रक्त पुरवणारी नळी, आडवी कापलेली. चरबी नाही, गुठळी नाही. पण नळीची भिंत तीन पदरांची असते. तिचा आतला पदर सुटला. रक्त त्या पदराच्या मागे, भिंतीतच शिरलं, तिथं साठत गेलं आणि त्यानं खरी वाट दाबून टाकली. हे बघा, वाट एवढीशी फट उरलीय."

"म्हणजे अस्तर सुटलं," तपासनीस म्हणाले.

"काय?"

"तिच्याच शिवलेल्या बाहीत माझा हात असाच अडकला होता. अस्तर आणि कापडाच्या मधे. वरून काही दिसत नव्हतं."

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "याहून सोपं मलाही सांगता येणार नाही. तरुण बायकांना होतं हे, ज्यांना ना साखर, ना रक्तदाब, ना कसलं व्यसन. म्हणून कुणाच्या मनात येत नाही. पहिली पट्टी कधी चांगलीही येते, आणि मग सगळे म्हणतात गॅस, दगदग."

"भांडणानं होतं? ओझं उचलून?"

"कधी कधी आधी असं काही घडलेलं असतं. कधी काहीच नसतं. भांडणं घरोघरी होतात आणि ओझी जग उचलतं, त्यांच्या नळ्या फाटत नाहीत. तिच्या नळीतच काही कच्चं होतं, आणि ते तिलाही माहीत नव्हतं. भांडणानं झालं का, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. कुणीच सांगू शकणार नाही."

तपासनीस उठले, पुन्हा बसले. पाकिटातून त्यांनी चार घड्यांचा कागद काढला. घडीच्या रेघांवर तो फाटायला आला होता.

बाईंनी तो वाचला. "बाळंतीण होती?"

"एकोणीस दिवसांची."

"आधी काही दुखत होतं?"

"जबड्यात कळ यायची. पाठीत, खांद्यांच्या मधे."

"तुम्ही तिच्याजवळ होता?"

"नाही. पण मला माहीत आहे," तपासनीस म्हणाले.

बाईंनी कागद घडीवर घडी घालून परत दिला. "सतरा वर्षांपूर्वीचं मी आता सिद्ध करू शकत नाही. पण बाळंतपणानंतर हे होतं, ते आता आम्हाला चांगलं माहीत आहे. ती माझ्या टेबलावर आली असती तर मी सगळ्यात आधी हेच शोधलं असतं."

दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर तपासनीस तासभर बसून राहिले. रडायचं ठरवूनही त्यांना रडू आलं नाही.

७

मास्तर दुकानात एकटे होते. नात टेबलाखाली रिळांशी खेळता खेळता झोपली होती.

"कुणी मारलं नाही तिला," तपासनिसांनी सांगितलं. नळी, पदर, बाही, सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंचा नवा रिपोर्ट चौकीत पोचल्याचंही सांगितलं.

मास्तर कात्रीची मूठ चोळत ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "मंगळवार म्हणालात."

"हो."

"मग मावशी बोलल्या तुमच्याशी." त्यांनी कात्री खाली ठेवली. "मी म्हणालो होतो तिला, मला मेलीस. साहेब, बाप असलं बोलतो का? आणि चार दिवस ती समोर बसून शिवत होती, उलट्या हातानं. बारा वर्षं तिचा टाका बघितलेला माणूस मी. मला दिसलं नसेल? दिसलं होतं. म्हटलं, रागानं वाकडं काम करतेय, करू दे."

तपासनीस त्यांच्यासमोर बसले. बाईंचे शब्द त्यांनी होते तसे सांगितले, कमी नाही, जास्त नाही. भांडणं घरोघरी होतात. नळीच कच्ची होती. भांडणानं झालं की नाही, हे कुणीच सांगू शकणार नाही.

"म्हणजे मी केलं नाही?"

"तुम्ही केलं असं कुणी म्हणू शकत नाही."

"मग मी आता रागावू कुणावर?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "त्याच्यावर रागावलो होतो तोवर बरं होतं हो. निदान सकाळी उठवत होतं."

तपासनिसांना हे नेमकं ठाऊक होतं. ते टेबलाखाली झोपलेल्या पोरीकडे बघत म्हणाले, "तिचा बाप विचारत होता, दात पडला का."

मास्तर गुडघ्यांवर वाकले, नातीला अलगद उचलून खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या हातानं तिच्या चपला शोधू लागले. खांद्यावरच ती जागी झाली. "आजोबा, कुठं?"

"तुझ्या बाबांकडे," मास्तर म्हणाले. "थांब, तो दात घे बरोबर. बटणांच्या डबीत ठेवलाय आपण."

दाराबाहेर पडताना त्यांनी डांबर काढायचं रॉकेल आणि एक जुनं फडकंही पिशवीत घातलं.

८

रविवारी सकाळी तपासनीस शहराच्या दुसऱ्या टोकाला एका जिन्याच्या तोंडाशी उभे होते. पत्ता त्यांना सतरा वर्षं पाठ होता. जिन्यात वरच्या दारापर्यंत अर्धवट रंगवलेल्या पाट्या वाळत ठेवल्या होत्या. नोकरी गेल्यावर जावई पाट्या रंगवून पोट भरत होता.

वर जाऊन त्यांनी वाजवलेलं दार एका मुलीनं उघडलं. तिची हनुवटी पाहून तपासनिसांनी कठडा धरला.

"कोण हवंय?"

"तुझे बाबा आहेत का?"

आतून जावई आला. केस पांढरे झाले होते, बोटांना निळा रंग. त्यानं तपासनिसांना ओळखलं आणि दार लावलं नाही, पण बाजूलाही झाला नाही.

"जावईबापू," तपासनीस म्हणाले. ही हाक ते तेव्हा चेष्टेत मारायचे, लग्नानंतर पहिली दोन वर्षं. "तू काही केलं नव्हतंस. हृदयाच्या नळीचं अस्तर सुटतं. बाळंतपणानंतर होतं. सिद्ध नाही करता येणार आता, पण मला खात्री पटलीय. मी चुकलो."

जावई बोटांचा निळा रंग खरवडू लागला.

"आणखी एक आहे. ते मी कुणालाच सांगितलं नाही." तपासनिसांनी चष्मा काढला, म्हणजे समोरचा चेहरा दिसणार नाही. "जायच्या दोन दिवस आधी तिनं मला फोन केला होता. म्हणाली, बाबा, जबड्यात कळ येते, पाठ भरून येते, दवाखान्यात जाऊ का? मी कामात होतो. म्हणालो, पहिलटकरणीला सगळं असंच वाटतं, नसते चोचले करू नकोस. तिनं मला विचारलं होतं, आणि मी नको म्हणालो. तुझ्यावर आळ घेतला नसता, तर मला हे घेऊन जगावं लागलं असतं."

जिन्यात कुणाच्या तरी रेडिओचा आवाज येत होता. मुलगी दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

"माहीत आहे मला," जावई म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"फोन. मी शेजारीच बसलो होतो, हिला मांडीवर घेऊन. तुमचा आवाज मोठा. सगळं ऐकू आलं." तो बोटांचा निळा रंग खरवडत राहिला. "मी तिला म्हणालो होतो, चल, जाऊन येऊ. ती म्हणाली, नको, बाबा म्हणालेत ना."

"मग चौकीत का नाही बोललास? चाळीस दिवस होतास तू तिथं. एक वाक्य बोलला असतास तर माझं तोंड बंद झालं असतं."

"रोज ओठांवर यायचं," जावई म्हणाला. "पण काचेतून तुम्ही दिसायचा. तिचे वडील होता तुम्ही. म्हटलं, माझ्याजवळ निदान ही पोर आहे. या माणसाजवळ माझ्यावरचा राग सोडून काय उरलंय? तोही काढून घेतला तर हा जगायचा नाही."

तपासनिसांचे खांदे हलायला लागले. सतरा वर्षांत पहिल्यांदा ते मोठ्यानं रडले, परक्या जिन्यात, पाट्यांच्या ओल्या रंगाला हात लागलेला त्यांना कळलाही नाही.

मुलगी घाबरून बापाकडे वळली. "बाबा, हे कोण?"

जावई दारातून बाजूला झाला. "आजोबा आहेत तुझे," तो म्हणाला. "रंग लागलाय त्यांच्या हाताला. आत ने आणि आधी हात धुवायला दे."